घरातून गेलेला नेपच्यून

आमच्या अध्यापक विद्यालयात तिला सगळे थोरली म्हणायचे. आम्ही सगळे विशी-बाविशीतले आणि ती चाळिशी ओलांडलेली, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा आम्ही ताडकन उभे राहिलो, कारण आम्हाला वाटलं शिकवणाऱ्या बाईच आल्या. तिनं हातानं बसा म्हणून खूण केली आणि मुकाट्यानं शेवटच्या बाकावर जाऊन बसली. ही बाई पुढे मला कामाला लावणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमचा खगोल आणि भूविज्ञानाचा तास घेणारे सर पुस्तकाला हात लावू द्यायचे नाहीत. जे पोरांना शिकवायचं ते आधी स्वतःच्या हातांनी करून बघा, हा त्यांचा हेका. म्हणजे आम्ही अंगणात झाडूचा दांडा रोवून त्याच्या सावलीवर खुणा करायच्या, आणि शिपायानं झाडायला तोच दांडा उपटून नेला की दुपारपर्यंत वेळ थांबलेली असायची. नदी कशी वळते ते बघायला तिरक्या पत्र्यावर वाळू पसरून पाणी सोडायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या ग्रंथालयातून शिव्या ऐकायच्या. दगड ओळखायच्या तासाला तर थोरलीनं कहर केला. ॲसिडचा थेंब टाकल्यावर फेस आला तर त्यात चुना आहे असं समजा, असं सरांनी सांगितलं. आम्ही ट्रेमधले दगड तपासले आणि जेवणाचे डबे उघडले. थोरलीनं ट्रे संपवला, मग खिडकीचा कट्टा, मग फरशी, मग सरांच्या टेबलावरचा कागद दाबायचा शंख. सगळं फेसाळलं तेव्हा तिनं अहवालात लिहिलं की ही इमारत मुळात समुद्राच्या तळाशी तयार झालेली दिसते. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मला त्याच तासाला निम्मे मिळाले होते, हे मी अजून विसरलेले नाही.

त्या सत्रात सरांनी सूर्यमाला काढली. काढली म्हणजे फळ्यावर नाही. प्रयोगशाळेच्या मधोमध कवेत जेमतेम मावेल एवढा पिवळा चेंडू टांगला आणि सांगितलं, हा सूर्य. आता बाकी सगळं याच मापानं. पृथ्वी झाली मिऱ्याच्या दाण्याएवढी आणि गेली कॅन्टीनच्या गल्ल्यावर. मंगळ गेला दफ्तरखान्याच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली खिशात घेऊन कारकून महिन्याभराच्या रजेवर गेला. लिंबाएवढा गुरू रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या आरशापुढे बसला. शनी आला तो दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, आणि तिथे बसलेल्या लोकांना त्याबद्दल काही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

बरं, ठेवला ग्रह आणि सुटलो, असंही नव्हतं. ग्रह फिरतात, तेव्हा हेही फिरले पाहिजेत, आणि फिरले पाहिजेत ते खऱ्या हिशेबानं. ज्याचा ग्रह त्यानं तो रोज स्वतःच्या हातानं पुढे सरकवायचा. वाटेत भिंत येवो, माणूस येवो, मंत्री येवो, वाट सोडायची नाही. ज्याच्या घरातून ग्रह जाईल त्याची परवानगी काढायची आणि त्याला ग्रहाबद्दल नीट समजावून सांगायचं. माझ्या वाट्याला बुध आला. टाचणीच्या डोक्याएवढा दाणा, आणि पळायचा मात्र रोज माणसाच्या उंचीइतका. सायकलींच्या तळावरून, मुतारीतून, प्राचार्यांच्या खिडकीतल्या कुंडीतून मी त्याच्यामागे हिंडत होते. थोरलीला मिळाला नेपच्यून. एक निळी गोटी, दोन किलोमीटरवर, आणि रोजची चाल फक्त एक वीत. मला वाटलं, बाईचं नशीब बघा.

सरांनी नकाशावर कर्कटक टेकवलं, कोन मोजला आणि पेन्सिलीनं नेपच्यूनची सत्रभराची वाट आखली. ती रेघ बघून थोरली पांढरीफटक पडली. रेघ शेजाऱ्याच्या अवजारांच्या खोलीतून निघून एका बैठ्या घरात मागच्या बाजूनं शिरत होती आणि पुढच्या बाजूनं बाहेर पडत होती. ते घर तिच्या वडिलांचं होतं.

तिचे वडील निवृत्त बसचालक. वीस वर्षांपूर्वी थोरली आमच्याच विद्यालयात शिकत होती, तेव्हा त्यांनी बसमधल्या झाडून सगळ्या नेहमीच्या प्रवाशांना सांगितलं होतं की माझी मुलगी शिक्षिका होणार. मग ती शिक्षण अर्धवट टाकून एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा भला होता, आजही आहे. पण वडिलांना प्रत्येक थांब्यावर ती शिक्षिका होणार नाही हेही सांगावं लागलं, आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. ते तिला म्हणाले, या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. ती म्हणाली, नाही ठेवणार. दोघंही शब्दाचे पक्के निघाले. आई आधीच गेलेली होती, भाऊ लहान होता, मध्ये पडायला कोणी नव्हतं.

थोरलीनं सरांना दुसरा ग्रह मागितला. मी लगेच हात वर केला, माझा बुध घ्या म्हटलं. सर आमच्याकडे असे बघत राहिले की जणू आम्ही खरेच दोन ग्रह उचलून इकडचे तिकडे करतोय. ग्रहाला पर्याय नसतो, म्हणाले, आणि विषय संपवला. पुढच्या वर्षी थोरलीचं वय प्रवेशाच्या अटीबाहेर जात होतं. या प्रात्यक्षिकात नापास म्हणजे कायमचीच नापास. पास व्हायचं तर ज्या घरात पाऊल ठेवायचं नाही त्याच घरात तिला रोज जाणं भाग होतं. आणि सरांनी मला तिची जोडीदार नेमलं, कारण बुध सगळ्यांत जवळ आणि नेपच्यून सगळ्यांत लांब, म्हणजे सरासरी बरोबर येते.

अवजारांच्या खोलीतले दिवस बरे गेले. मग ग्रह भिंतीत गेला. सरकवायचं काहीच नव्हतं, तरी आम्ही दोघी रोज जाऊन त्या भिंतीपाशी उभ्या राहत होतो. सर येऊन भिंतीवर खडूनं फुली मारून गेले, वर भिंतीला दोन थापट्या दिल्या आणि म्हणाले, आत आहे.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघराचा ओटा होता आणि ओट्याच्या वर खिडकी. थोरलीची भावजय तिथं भांडी विसळत होती. आम्ही खिडकीतून सगळं समजावून सांगितलं. ती बिचारी म्हणाली, द्या इकडे, मी ठेवते, त्यात काय. पण स्वतःच्या हातानं हा नियम होता, आणि थोरली नियमाच्या बाबतीत बापाची लेक होती. एवढ्यात बाप स्वतःच आतल्या दारात येऊन उभा राहिला. उंच, खांदे थोडे पुढे आलेले, स्टिअरिंग सोडून बरीच वर्षं झाली तरी हात तसेच धरलेले.

“तिला सांग,” ते सुनेला म्हणाले, “पाऊल नाही ठेवायचं.”

“बाबांना सांग,” खिडकीबाहेरून थोरली म्हणाली, “पाऊल कोण ठेवतंय? हात आहे हा.”

काकांनी, मी तिच्या वडिलांना काकाच म्हणायचे, त्यावर बराच विचार केला. मग हाताबद्दल आपण काही बोललो नव्हतो, असं त्यांनी कबूल केलं आणि ते आत गेले. थोरलीनं खिडकीतून हात घालून नेपच्यून पिठाच्या डब्यावर ठेवला.

इथून पुढे जे झालं ते मी माझ्या घरी सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. नेपच्यून रोज एक वीत आत आणि थोरली त्याच्यामागे रोज एक वीत आत. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. ती ओट्यावर पालथी, तिचे पाय खिडकीबाहेर आणि दोन्ही घोटे माझ्या हातात. भावजय तिच्या पाठीवरून वाकून फोडणी टाकायची. काका रोज त्या वेळेला दारात येऊन तिचे पाय कुठे आहेत ते तपासायचे, समाधान झालं की निघून जायचे. तिच्याशी एक अक्षर नाही.

पण ओटा संपला. पुढे जमीन होती. मी म्हटलं, आता तरी ठेव पाय, कोण खाऊन टाकतंय. ती म्हणाली, मी शब्द दिलाय. शेवटी रजेवरच्या कारकुनाची चाकांची खुर्ची आम्ही रस्त्यानं ढकलत आणली. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर दोन फळ्या टाकल्या, थोरली खुर्चीवर मांडी घालून बसली आणि मी तिला आत लोटलं. वीस वर्षांनी लेक माहेरी आली ती अशी. हसू आवरत नव्हतं आणि तिचं तोंड बघवत नव्हतं. मधल्या खोलीत आईचा फोटो होता. खुर्ची तिथून जाताना तिनं मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघितला, आणि मी उगीचच चाक अडकल्यासारखं करून थोडी थांबले.

काकांनी माझं चालवणं पाहिलं आणि त्यांना राहवेना. वळायच्या आधी बघायचं, म्हणाले. दाराच्या चौकटीला घासू नकोस, अंतराचा अंदाज घे. मागं घेताना आवाज दे. मी मागं घेताना मागं येतेय, मागं येतेय असं ओरडायला लागले. चालकाशी बोलू नये अशी बसमध्ये पाटी असते. इथे सगळं बोलणं चालकाशीच होतं आणि प्रवाशाकडे कोणी बघतही नव्हतं.

असं करत नेपच्यून पुढच्या खोलीत पोचला आणि काकांच्या खुर्चीपुढे आला. खिडकीजवळची मोठी आरामखुर्ची. तिच्या पायांनी फरशीवर खळगे पाडलेले, म्हणजे ती किती वर्षं तिथे असेल बघा. काकांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की खुर्ची हलणार नाही. उभ्या गाडीला कोणी धडकलं तर चूक येणाऱ्याची. त्यातून तो येतोय डावीकडून. उभ्या हयातीत डावीकडून येणाऱ्यासाठी त्यांनी कधी गाडी थांबवली नव्हती.

थोरलीला बोलायचं होतं, पण ती नुसती गोटी हातात घट्ट धरून बसली. विद्यालयात परत येताना ती म्हणाली की आता संपलं, आपल्या बाबांना आपण ओळखतो. मला सरांचा, काकांचा आणि नेपच्यूनचा, तिघांचाही असा राग आला की त्या दिवशी मी बुध सरकवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. खुर्चीभोवती एक फेरी मारली, जमिनीवर दोरी धरली. दोरी बरोबर काकांच्या मांडीवरून गेली. काकांनी रस्त्याचे नियम सांगितले, सरांनी ग्रहगतीचे सांगितले. दोघेही आपापल्या जागी इतके बरोबर होते की भावजय चहा ठेवायला गेली. शेवटी सर थकले आणि म्हणाले, “काका, तुमचं सगळं मान्य. पण त्याला ब्रेक नाहीत.”

काका खुर्चीत पुढे सरकले.

“अजिबात?”

“अजिबात.”

“इंजिन?”

“तेही नाही. कधीचा तसाच चाललाय.”

काकांचा चेहराच बदलला. डावी-उजवी बाजू ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी. ब्रेक नसलेली गाडी दिसली की नियमावर बोट ठेवायचं नसतं, वाट द्यायची असते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तरी खुर्ची हलवायला ते तयार नव्हतेच. मग सरांना म्हणाले की गाडीला चालक नाही, ब्रेक नाही, ती अशी एकटी घरातून जाऊ देणं बरोबर नाही. माझ्या खुर्चीतून जाईल तोवर मी धरतो तिला.

असा नेपच्यून काकांच्या ताब्यात गेला. पहिल्या दिवशी तो खुर्चीच्या डाव्या हातावर होता. दुसऱ्या दिवशी सरांच्या दोरीप्रमाणे तो काकांच्या मांडीवर यायला हवा होता, आणि मांडीवरून गोटी घरंगळते म्हणून काकांनी तिथं हात पसरून धरला. मी थोरलीची खुर्ची ढकलत जवळ नेली. या वेळी कुठं घासलं नाही. थोरलीनं वाकून गोटी त्यांच्या तळहातावर ठेवली. ठेवायला तिनं जरा वेळ लावला, आणि काकांनी घाई केली नाही.

“गार आहे,” ते माझ्याकडे बघून म्हणाले.

“सूर्यापासून फार लांब आहे, बाबा,” थोरली म्हणाली. “तिथं ऊन पोचतं ते नावापुरतं.”

काकांनी मूठ मिटली. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

“या वेळी पुरं करणार आहेस का?”

“हो.”

“मग नीट सांग. याला इंजिन नाही, ब्रेक नाही, मग रस्ता सोडून जात का नाही हा?”

थोरलीनं सांगायला सुरुवात केली. वर्गात आम्ही सगळ्यांनी पाठ घेतले होते, मी तिचे दोन पाठ ऐकलेही होते, चांगले होते. पण हे वेगळंच काहीतरी होतं. बोलता बोलता ती पुढच्या खोलीतून निघाली की सरळ विद्यालयातल्या पिवळ्या चेंडूपर्यंत पोचत होती, परत येत होती. तो सुटून सरळ जायला बघतो, म्हणाली, आणि सूर्य त्याला क्षणाक्षणाला थोडा आपल्याकडे ओढून घेतो. सूर्य सुटू देत नाही, आणि त्याचा स्वतःचा वेग जवळ येऊ देत नाही. म्हणून तो फिरत राहतो. काकांनी मध्येच शंका काढल्या, काही अगदीच वेड्या, काही अशा की मलाही उत्तर येत नव्हतं. तिला येत होतं. जिथं नव्हतं तिथं तिनं माहीत नाही असं सांगितलं.

“म्हणजे लांब आहे,” शेवटी काका म्हणाले, “पण सुटलेला नाही.”

“नाही, बाबा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाकांच्या खुर्चीमागे उभं असल्याचा एक फायदा असतो, कोणी बघत नाही.

त्यानंतर ते दोघं रोज बोलायला लागले, पण नेपच्यूनबद्दलच. दुसरा विषय काढायची दोघांनाही भीती वाटत असावी. ग्रह काकांच्या उजव्या गुडघ्यावर आला, मग खुर्चीच्या उजव्या हातावर, मग खुर्ची सोडून पुढे गेला, तरी काका रोज वेळेवर दाढी करून बसलेले असायचे. तपासणीला सर आले तेव्हा त्यांनी थोरलीला सोडून काकांनाच प्रश्न विचारला की ग्रह का फिरतो. काकांनी आगाराचं उदाहरण देऊन असं काही समजावलं की सर खिशातला कागद काढून लिहून घ्यायला लागले. प्रात्यक्षिकात थोरली पहिली आली. माझा बुध एक दिवस मागे पडल्याचं सरांनी दुर्बीण न लावता ओळखलं.

पण ग्रह थांबत नव्हता. आरामखुर्ची मागे गेली, कपाट गेलं, आणि समोरची भिंत रोज एक वीत जवळ यायला लागली. थोरली अलीकडे घरी आली की हसायची, विद्यालयात परतली की गप्प व्हायची. मी विचारलं तर म्हणाली, भिंतीपलीकडे माझं काय काम? मला तिची समजूत घालता आली नाही. नेपच्यून आत होता म्हणून ती आत होती, आणि शब्द अजून दोघांनीही मागे घेतलेला नव्हता.

मग तो भिंतीत गेला आणि बाहेर निघाला. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात तो पुढच्या पायरीशेजारच्या कठड्यावर होता. चाकांची खुर्ची कारकुनाला परत गेली होती, कारण आता रस्त्यावर उभं राहूनच हात पोचत होता. आम्ही दोघी चालत गेलो. थोरलीनं गोटी कठड्यावर ठेवली, वीत मोजली आणि तशीच उभी राहिली. दार उघडंच होतं. काका दारात येऊन उभे होते. त्यांनी गोटीकडे बघितलं, रस्त्याच्या ज्या टोकाला ती निघाली होती तिकडे बघितलं.

“आता हा परत कधी?” त्यांनी विचारलं. वेळापत्रकात आयुष्य काढलेल्या माणसाचा साधा प्रश्न होता.

“एकशे पासष्ट वर्षांनी, बाबा,” थोरली म्हणाली. “तेव्हा पुन्हा याच जागी असेल.”

काकांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. तो जमेना असं दिसलं. दाराच्या चौकटीवर त्यांनी हात ठेवला.

“तेवढं थांबणं माझ्याच्यानं व्हायचं नाही,” ते म्हणाले. “तू उद्या ये. चालत ये.”

“उद्या कशाला,” थोरली म्हणाली, आणि पायरी चढून आत गेली.